मधुकाका उभे राहतात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — ती दर संक्रांतीला मधुकाकांच्या घरी तिळगूळ घेऊन जाते, तिला सांगितलं तर तिनं पुढच्या वर्षी तिथं कुठल्या तोंडानं जायचं? तुम्हाला सांगतेय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही मधुकाकांना ओळखत नाही. उद्या ग्वाल्हेरला हजीऱ्याच्या बाजारात भाजी घेताना ते तुम्हाला भेटणार नाहीत. मी भित्री आहे, हे तुम्हाला इथंच कळलं असेल. बरं झालं.

आमची कंपनी इंदरगंजमध्ये होती, एका चपलांच्या दुकानाच्या वर. टेक्नॉलॉजी कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमच्याकडे काच होती ती जिन्याच्या खिडकीला, आणि तीही तडकलेली. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो — पेशंटची नोंद, बिलं, लॅबचे रिपोर्ट. गावातल्या कंपू भागातली नर्सिंग होम, मुरैना, भिंड, दतियाचे डॉक्टर, हे आमचे ग्राहक. सॉफ्टवेअर काही खास नव्हतं. त्यातलं बरंचसं मीच लिहिलेलं असल्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकते. ते सारखं कुठे ना कुठे अडकायचं. तरी डॉक्टर लोक आम्हाला सोडत नव्हते. कारण अडकलं की ते फोन करायचे, आणि फोन मधुकाका उचलायचे.

मधुकाका माझे सख्खे काका नव्हेत, वडिलांचे मित्र. इंजिनीअरिंग झाल्यावर मी घरी बसले होते, वडील बाहेरगावी जाऊ देईनात, तेव्हा त्यांनीच मला या कंपनीत आणून बसवलं. ते फोनच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली मूठभर माणसं. ग्राहकाचा फोन आला की काका खुर्चीवरून उठायचे. उभं राहून, किंचित वाकून बोलायचे. "प्रणाम डॉक्टर साहब! पहले ये बताइए, घर में सब कुशल?" मग पाच मिनिटं डॉक्टरांच्या आईचे गुडघे, मुलीचं कॉलेज, आणि नंतर कधीतरी आमचं सॉफ्टवेअर. त्यांच्या घराण्यात मागे कुणीतरी दरबारात होतं म्हणे. त्यातलं आता काही उरलं नाही. हजीऱ्यात दोन खोल्या आहेत. पण मोठ्या माणसाशी बसून बोलायचं नाही, एवढं उरलं. त्यांचं बघून विभागातले बाकीचेही उभे राहायला लागले. सोमवारी सकाळी त्या खोलीत डोकावलं तर हेडफोन लावलेली सगळी माणसं उभी, आणि रिकाम्या खुर्च्या मागे. सुषमा नावाची मुलगी तर सातव्या महिन्यातही उभी राहायची. काका तिला ओरडून बसवायचे आणि स्वतः उभेच.

तुम्हाला हे गोड वाटतंय ना? रोज बघितलं की वाटत नाही. मी कामात डोकं खुपसून बसलेली असताना काका येऊन उभे राहायचे आणि डॉक्टरांच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं ते सांगायचे. खरी अडचण काय आहे ती शेवटी, आणि तीही अर्धवट. मी चिडायचे. मनात काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणजे मी त्यांच्यावर फार प्रेम करायचे आणि मग एकदा पाय घसरला, अशी ही गोष्ट नाही. तशी असती तर सांगायला बरी पडली असती.

मग पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला विकत घेतलं.

काकांनी त्या दिवशी पेढे वाटले! आपली माणसं आली म्हणाले. तुम्ही महाराष्ट्रात राहता, तुम्हाला हे कळायचं नाही. आमच्या पिढ्या इथे गेल्या, ऑफिसात हिंदी, बाजारात हिंदी, मराठी फक्त घरात आणि गणपतीत. आणि आता मालकच मराठी! पहिल्या कॉलवर पुण्याच्या एका मुलीनं विचारलं, "तुम्ही ग्वाल्हेरचे? मग मराठी कसं काय येतं तुम्हाला?" काका खळखळून हसले. "पिढ्या झाल्या साहेब, इकडेच आहोत आम्ही." मला मात्र तो प्रश्न झोंबला. आणि गंमत बघा — राग त्या मुलीचा नाही आला. काकांचा आला. एवढं काय हसायचं त्यात? आणि काल कॉलेजातून आलेल्या पोरीला साहेब काय म्हणायचं?

त्यानंतरचं जवळजवळ वर्ष एकाच शब्दात गेलं — इंटिग्रेशन. प्रत्येक ईमेलमध्ये तो शब्द. त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. त्यांचं होतं तसंच राहणार आणि आमचं बदलणार. सुट्ट्या त्यांच्या, नियम त्यांचे, सर-साहेब बंद, सगळ्यांना नावानं हाक मारायची. पुण्याची पोरं काकांना 'मधुकर' म्हणू लागली. वरचा साहेब कौस्तुभ, आमच्यासारख्या विकत घेतलेल्या कंपन्या आत जिरवणं हेच त्याचं काम. माणूस वाईट नव्हता. मला वाईट माणूस पाहिजे होता या गोष्टीत, पण तो नव्हता.

व्हिडिओ कॉल सुरू झाले. काका लॅपटॉपसमोर आधीच येऊन बसायचे, केस विंचरून. आणि कौस्तुभ कॉलवर आला की — तुमच्या लक्षात आलंच असेल — काका उठून उभे राहायचे. लॅपटॉपचा कॅमेरा बिचारा होता तिथेच. मग पुण्याला काय दिसायचं? चौकड्यांच्या शर्टाचा मधला भाग. बटणं, पोट, खाली पट्ट्याचं बक्कल. आणि त्या पोटातून आवाज यायचा, "नमस्कार कौस्तुभ साहेब, घरी सगळे कुशल?" काकांना यातलं काही दिसायचं नाही. चष्म्यात म्हातारा दिसतो म्हणून कॉलच्या वेळी ते जवळचा चष्मा काढून ठेवायचे. समोरचे चेहरे पुसट दिसायचे, तेवढं पुरे होतं त्यांना.

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं. कुणालाही फुटलं असतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेलेही होते सांगायला, की काका, तुम्ही उभे राहता तेव्हा तुमचं तोंड दिसत नाही हो. ते डबा खात होते. "ये बेटा, भरल्या वांग्याची भाजी आहे, तुझ्या काकूनं जास्त देऊन टाकली आज." मी वांगं खाल्लं आणि परत आले. त्यांना अवघडल्यासारखं होईल, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. खरं काय होतं? त्या सकाळी कॉलवर पुण्याची पोरं ज्याला हसली, त्याला मीही हसले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही मिळून कशाला तरी हसलो होतो. ते मला सोडवत नव्हतं.

मग मला ट्रेनिंगसाठी पुण्याला बोलावलं. दोन दिवस मी जवळजवळ गप्प होते. तोंड उघडलं की एखादा हिंदी शब्द निसटायचा आणि समोरचा माणूस बारीक हसायचा. अपमान म्हणून नव्हे, कौतुकानंच. ते जास्त लागायचं. शेवटच्या संध्याकाळी सगळे जेवायला गेलो. मी टेबलाच्या टोकाला. त्यांचे विनोद त्यांच्यात चालले होते. आणि कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "ते तुमचे मधुकर, कॉलवर नक्की करतात तरी काय?"

मी लहानपणापासून नकला चांगल्या करते. आमच्या गणेशोत्सवात माझ्या नकलांचा कार्यक्रम असायचा, आणि पहिल्या रांगेत बसून सर्वांत जोरात टाळ्या कोण वाजवायचं माहीत आहे? बरोबर.

मी खुर्ची मागे सरकवली आणि उभी राहिले. एक हात कानाला, जरा वाकून — "प्रणाम डॉक्टर साहब! घर में सब कुशल?" आणि मग दोन्ही हातांनी पोटाभोवती एक चौकोन धरला, कॅमेऱ्यात दिसतो तसा. टेबल फुटायचं बाकी राहिलं. कौस्तुभनं डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, पुन्हा, पुन्हा! मी पुन्हा केलं. या वेळी नावही दिलं — बटण सर. हो, ते नाव मी दिलं. पुढे ते त्यांच्यात रूढ झालं आणि लोकांना वाटायचं पुण्याचंच कुणीतरी ठेवलं असेल. नाही. मी. त्यानंतर त्यांनी मला टेबलाच्या टोकावरून मध्ये बोलावलं, सरकून जागा केली. मी जाऊन बसले. मला इतकं बरं वाटलं होतं, की काय सांगू!

आता मुख्य गोष्ट. मघापासून मी तिच्याभोवती फिरतेय, मलाही कळतंय.

काही महिन्यांनी नवा शब्द आला, पुनर्रचना. फोनचा विभाग बंद होणार. डॉक्टरांनी फोन करायचा नाही, वेबसाइटवर तक्रार टाकायची, पुण्याहून कुणीतरी बघेल. काका, सुषमा, सगळी माणसं घरी. काकांनी कौस्तुभकडे बोलायची वेळ मागितली. एवढंच सांगायचं होतं त्यांना, की आमचे डॉक्टर फोनमुळे टिकून आहेत, निम्मी माणसं तरी राहू द्या, वर्षभर बघा. कौस्तुभनं वेळ दिली. सगळ्या वरिष्ठांना बोलावलं.

काकांनी जोरात तयारी केली. रोज दुपारी माझ्यासमोर म्हणून दाखवायचे. मी त्यांची भाषा सुधारायचे. "काका, 'मालूम आहे' नाही म्हणायचं, 'माहीत आहे' म्हणा. 'कोशिश' नको, 'प्रयत्न' म्हणा." ते शाळेतल्या पोरासारखे मान हलवायचे. शब्दन् शब्द मी तपासला हो! आणि ते उभे राहणार, त्यांचं तोंड दिसणार नाही, हे माझ्या जिभेवर यायचं आणि मी पुढचा शब्द सुधारायचे. का? आता सांगितलं तर ते विचारतील — इतके दिवस का नाही सांगितलंस? इतके दिवस असंच दिसत होतो का मी? आणि मग त्यांना सगळे कॉल आठवतील, एकेक. मी त्यांना वाचवत नव्हते. स्वतःला वाचवत होते.

त्या दिवशी ते इस्त्रीचा निळा शर्ट घालून आले. आम्ही एकाच खोलीत होतो. ते त्यांच्या लॅपटॉपसमोर, मी शेजारी माझ्या. पुण्याला जे दिसत होतं ते मला माझ्या पडद्यावर दिसत होतं. ते बसले, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "मीनू, दिसून राहिलोय ना मी ठीक?"

"एकदम छान दिसताय, काका," मी म्हटलं. बसलेले होते तोवर ते खरंच छान दिसत होते.

कौस्तुभ आला. काका उभे राहिले.

त्यांच्या लॅपटॉपचं झाकण माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. एका बोटानं मागे ढकललं असतं तर कॅमेरा वर झाला असता आणि त्यांचं तोंड दिसलं असतं. बास. कुणाला काही कळलंही नसतं. काकांनाही नाही. मी तेव्हाच तो विचार केला होता, नंतर सुचलेला नाही हा. माझ्या पडद्यावर निळी बटणं होती आणि त्यांच्यामागून काका बोलत होते, इतकं चांगलं, इतकं स्वच्छ, एकही शब्द न चुकता. मग कडेला कुणाचा तरी संदेश आला — 'बटण सर आले'. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आणि मीही एक हसरा चेहरा टाकला. माझं बोट हललं ते एवढ्यासाठी.

हसू आवरेना तसे लोक कॅमेरे बंद करू लागले. एक चौकोन काळा झाला, दुसरा झाला. काकांना पुसट का होईना, ते दिसलं. ते थांबले. माझ्याकडे वळून कुजबुजले, "काय झालं? नेट गेला का त्यांचा?"

आणि मी म्हटलं, "हो काका. तिकडे नेट खराब आहे."

झालं. हेच ते. एवढंसं वाक्य. पण त्याचं पुढे काय झालं ते ऐका. काकांना वाटलं, आपलं त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा सुरू केलं, मोठ्यानं. आणखी चौकोन काळे झाले. तर आणखी मोठ्यानं. बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि घाईघाईत मी सुधारलेले सगळे शब्द परत आले, कोशिश, मालूम, सगळे. शेजारच्या खोलीत सुषमा आणि बाकीची माणसं ऐकत उभी होती. शेवटी कौस्तुभचा आवाज आला, "मधुकर, आपण हे नंतर ईमेलवर बघू या." कॉल बंद झाला. काका उभेच होते. "थोडंसं तरी ऐकू गेलं असेल ना?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, असेल.

विभाग पुढच्या महिन्यात बंद झाला. तुम्ही म्हणाल, ते आधीच ठरलं असणार. मीही बरेच दिवस हेच धरून बसले होते. मग एकदा कौस्तुभ ग्वाल्हेरला आला, तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "खरं तर निम्मी माणसं ठेवायचं माझ्या डोक्यात होतं. पण त्या दिवसानंतर मी ते कुणापुढे मांडणार? सगळे हसत होते." सहज बोलला तो, आणि बिस्किट उचललं. माझा तो आधारही गेला. सुषमा आता एका शाळेत लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवते, तिला मिळतं ते सांगण्यासारखं नाही. काकांना या वयात कुणी काम देत नाही. मला मात्र ग्वाल्हेर शाखेचं प्रमुखपद मिळालं. काचेची इमारत आहे आता.

लोकांना कळलं तर वाटेल की मी त्या पदासाठी केलं. नाही हो. पद तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यासाठी केलं असतं तर निदान काहीतरी हिशेब असता त्यात. मी केलं ते चार परक्या माणसांनी सरकून जागा द्यावी म्हणून, आणि ती माणसं एकेक करून कंपनी सोडून गेली, त्यांच्यापैकी आज कुणीही माझ्या संपर्कात नाही.

आणि काका? काका हजीऱ्यात ज्याला त्याला सांगतात, ऐन वेळी नेटनं घात केला, नाहीतर साहेब ऐकणार होते. वर हेही सांगतात की मीनूनं फार मदत केली, रोज तयारी करून घेतली माझी पोरीनं. माझ्या आईलाही त्यांनी हेच सांगितलं. आईनं घरी येऊन मला ते सांगितलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

गेल्या आठवड्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी ऑफिसात होते. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय. नुसतं फोनवर आमंत्रण बरं दिसत नाही, म्हणाले, एकमेकांचं तोंड तरी दिसायला पाहिजे. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असावा, कारण कडेला डब्याचं झाकण दिसत होतं. आधी ते बसलेले होते. मग त्यांना माझी खुर्ची, माझ्यामागची काच, दिसली असावी. ते उठून उभे राहिले.

"अहो काका, बसा ना," मी म्हटलं.

"नाही नाही बेटा, आता तू साहेब आहेस," ते म्हणाले. "मी दिसून राहिलोय ना ठीक? नेट चांगला आहे ना आज?"

पडद्यावर त्यांच्या शर्टाची बटणं होती.

"एकदम छान दिसताय, काका," मी म्हटलं.